बागवान जोसेफ मोनिए

घराचा स्लॅब टाकायचा दिवस तुम्ही पाहिलाच असेल. आधी सेंटरिंगवाले फळ्या आणि टेकू लावून जातात. मग मिस्त्री त्या फळ्यांवर लोखंडी सळयांची जाळी अंथरतो आणि जागोजागी तारेने गाठी मारतो. सकाळी मिक्सरचा आवाज सुरू झाला की सिमेंट, वाळू आणि खडीचा माल त्या जाळीवर पडू लागतो. संध्याकाळपर्यंत जाळी दिसेनाशी होते. मांजरा नदी ओलांडताना आपण ज्या पुलावरून जातो, त्याच्या पोटातही अशाच सळया असतात. रस्ता अंगावर घेणाऱ्या पुलाच्या त्या जाड थराला इंजिनिअर लोक डेक म्हणतात.

सिमेंटच्या पोटात लोखंड पुरण्याची ही युक्ती ज्यांनी जगापुढे आणली, त्यांत एका माणसाचे नाव नेहमी घेतले जाते. तो माणूस इंजिनिअर नव्हता. तो कधी शाळेतही गेला नव्हता. तो बागेत झाडे लावणारा माळी होता. आपण उर्दूत अशा माणसाला बाग़बान म्हणतो. मराठीतही बागवान हा शब्द आहे. पण आपल्याकडे तो फळे व भाजी विकणाऱ्यांसाठी जास्त वापरतात. या बागवानाचे नाव होते जोसेफ मोनिए.

मोनिए यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1823 रोजी फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात, युझेस शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हे खेडे कुंभारांचे होते. त्याच्या नावातच कुंभारकाम या अर्थाचा शब्द आहे. मोनिए यांचे कुटुंब मात्र मडकी घडवणारे नव्हते. ते युझेसच्या सरदाराच्या बागेत राबत असे. घरात दहा मुले होती. शेतीबागेत हात कमी पडत, म्हणून जोसेफला शाळेत घातले नाही. लहानपणापासून तो माती खणत होता, रोपे लावत होता आणि पाणी देत होता. सतरा वर्षांचा झाला तोवर त्याचा हात इतका बसला होता, की सरदाराने त्याला आपल्या पॅरिसच्या वाड्यावर कामाला नेले.

पॅरिसमध्ये गेल्यावर जोसेफने एक गोष्ट लगेच केली. दिवसभर काम करून तो रात्रीच्या वर्गात जाऊ लागला आणि लिहावाचायला शिकला. पुढे त्याने जे काही केले, त्यात या अक्षरओळखीचा वाटा मोठा आहे. पेटंटचा अर्ज निरक्षर माणसाला कसा करता आला असता?

1846 साली मोनिए यांना त्वीलरी या राजबागेत काम मिळाले. तेथे त्यांच्याकडे संत्र्याच्या झाडांची देखरेख होती. आपल्याकडे संत्र्याचे झाड उघड्यावर वाढते. पॅरिसची थंडी मात्र त्याला सोसत नाही. म्हणून तेथे ही झाडे मोठ्या कुंड्यांत लावत. उन्हाळ्यात कुंड्या बाहेर मांडत आणि हिवाळा आला की आत, काचेच्या खिडक्यांच्या मोठ्या दालनात नेऊन ठेवत. वर्षातून दोनदा ही उचलठेव होई.

येथेच अडचण होती. लाकडी कुंड्या ओल्या मातीने कुजत. मातीच्या कुंड्या उचलताना फुटत. झाड मोठे झाले की मुळे आतून जोर करत आणि कुंडीला तडा जाई. मोनिए यांनी सिमेंटच्या कुंड्या करून पाहिल्या. त्या कुजत नव्हत्या, पण त्याही तडकत होत्या. जाड केल्या तर त्या उचलायला जड होत. तेव्हा त्यांनी लोखंडी तारांची जाळी केली, तिला कुंडीचा आकार दिला आणि तिच्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा लेप दिला. कुंडी पातळ झाली, हलकी झाली आणि तडकेनाशी झाली.

गावाकडे ज्यांनी धान्याची कणगी पाहिली असेल, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. कणगीत आधी काड्यांचे विणकाम करतात आणि त्यावर शेणमातीचा लेप देतात. नुसत्या काड्यांतून धान्य सांडेल. नुसती माती वाळून भेगाळेल. दोन्ही मिळून मात्र क्विंटलभर धान्य धरतात. भिंतीच्या गाऱ्यात गव्हाचे काड किंवा भुसा मिसळतात, तोही याच कारणाने. दोन वेगळे पदार्थ असे एकत्र आणले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. अशा जोडपदार्थाला आज संमिश्र पदार्थ म्हणतात.

ही कल्पना एकट्या मोनिए यांची होती असे मात्र समजू नका. फ्रान्समध्येच लाम्बो नावाच्या गृहस्थाने 1848 साली तारांच्या जाळीवर सिमेंट थापून एक होडी केली होती आणि 1855 साली ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली होती. इतरही काही जण असे प्रयोग करत होते. पण बहुतेकांचे प्रयोग एका वस्तूपाशी थांबले. मोनिए थांबले नाहीत. कुंडी जमली, तर नळ का जमू नये? नळ जमला, तर पाण्याची टाकी का नाही? त्यांचे मन असे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जात असे.

16 जुलै 1867 रोजी त्यांना कुंड्यांसाठी पहिले पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने ठराविक वर्षांसाठी दिलेला हक्क. त्या काळात दुसऱ्या कोणी ती वस्तू बनवायची असेल, तर त्याला शोधकाची परवानगी घ्यावी लागते. पुढे एकामागून एक जोडपेटंटे आली. 1868 साली नळांसाठी, 1869 साली भिंतीच्या फरश्यांसाठी, 1873 साली पुलांसाठी आणि 1878 साली तुळयांसाठी. शाळा न पाहिलेल्या माणसाची ही वाटचाल कुंडीपासून पुलापर्यंत अवघ्या सहा वर्षांत झाली!

मोनिए यांनी 1875 साली खरोखरच एक पूल बांधला. फ्रान्सच्या मध्यभागी शाझले नावाचे गाव आहे. तेथील गढीभोवती पाण्याचा खंदक होता. गढीच्या मालकाला त्यावरून ये-जा करण्यासाठी पूल हवा होता. मोनिए यांनी लोखंड घातलेल्या काँक्रीटचा पूल उभा केला. त्याची लांबी 13.80 मीटर आणि रुंदी 4.25 मीटर आहे. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकीपुढे एक ठेवल्या, तर साधारण एवढी लांबी भरेल. लोखंड घातलेल्या काँक्रीटचा जगातील पहिला पूल म्हणून त्याची नोंद केली जाते.

आता थोडे थांबून एक प्रयोग करू. त्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. एक खडू घ्या. तो दोन बोटांत उभा धरून दाबा. कितीही दाबला तरी तो सहजी मोडत नाही. आता तोच खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. कट्कन मोडतो. काँक्रीट हे या खडूसारखे आहे. ते दाब पुष्कळ सोसते; ताण म्हणजे खिंचाव मात्र त्याला फार थोडा सोसतो. लोखंडाच्या सळईला ताण सोसतो.

मग वाकवताना ताण येतो कोठे? यासाठी फळा पुसायचा जाड स्पंज घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारा. दोन पुस्तकांवर तो पुलासारखा ठेवा आणि मधे बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, म्हणजे तेथे दाब आहे. खालच्या बाजूला रेघा एकमेकींपासून दूर जातात, म्हणजे तेथे ताण आहे. मधोमध रेघांचे अंतर जवळजवळ बदलत नाही. पुलावर बस आली की पुलाच्या डेकचेही असेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सळई हवी ती तळाशी.

मोनिए यांना हे गणित ठाऊक नव्हते. ते जाळी बहुतेक वेळा जाडीच्या मधोमध ठेवत. गोल कुंडीत किंवा गोल टाकीत हे चालून जाई. आतली माती किंवा पाणी भिंतीला चारही बाजूंनी बाहेर ढकलते आणि सगळी भिंत गोलाकार ताणली जाते. तेथे जाळी थोडी अलीकडे-पलीकडे असली तरी बिघडत नाही. सपाट स्लॅबमध्ये मात्र मधोमध ठेवलेले लोखंड जवळजवळ वाया जाते. कुंडीने मोनिए यांना वाट दाखवली हे खरे; पण त्या कुंडीनेच त्यांना मधोमधची सवयही लावली, असे मला वाटते.

ही उणीव जर्मनीत भरून निघाली. 1880 नंतरच्या काळात जर्मनीतील काही व्यावसायिकांनी मोनिए यांचे हक्क विकत घेतले. त्यांत व्हाइस नावाचे एक बांधकाम व्यावसायिक होते. बर्लिनमध्ये क्योनेन हे सरकारी इंजिनिअर काम करत होते. त्यांना सुरुवातीला या प्रकाराविषयी शंका होत्या. लोखंड आत गंजणार नाही का? काँक्रीट लोखंडाला घट्ट धरील का? उन्हाने एक जास्त आणि दुसरे कमी प्रसरण पावले तर तडे जाणार नाहीत का? मग चाचण्या झाल्या. लोखंड आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, असे दिसले. दोघांची पकडही चांगली निघाली. क्योनेन यांनी 1886 साली हिशोब मांडून दाखवला, की जेथे ताण आहे तेथेच लोखंड ठेवावे. 1887 साली व्हाइस यांनी या पद्धतीवर एक पुस्तिका काढली. पुस्तिकेला नाव मोनिए यांच्याच पद्धतीचे दिले होते.

हा नियम आजही आपल्या मिस्त्रींना पाळावा लागतो. खोलीच्या स्लॅबला मधल्या भागात मुख्य सळई तळाशी हवी. घराबाहेर एका बाजूला आधाराशिवाय निघालेल्या छज्ज्याला मात्र ती वरच्या बाजूला हवी, कारण छज्जा खाली झुकतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते. माल ओतताना मजुरांचे पाय जाळीवर पडून ती खाली दबली, तर छज्जा दिसायला चांगला होतो. पण पुढे कधीतरी तो कोसळतो. सळई किती घातली याइतकेच ती कोठे घातली हेही पाहावे लागते ते यामुळेच.

ताण सोसणारे काही आत नसले तर काय होते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. सास्तूर, किल्लारी अशा गावांतील घरांच्या भिंती दगड आणि मातीच्या होत्या, जाड होत्या. माळवदावर पांढऱ्या मातीचे जड थर होते. वरून येणारे वजन या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या पेलले होते. जमीन आडवी हलली, तेव्हा मात्र दगडाला दगड धरून ठेवणारे काहीच आत नव्हते. नंतर घरे बांधताना आणि मजबूत करताना भिंतींवरून सळईच्या काँक्रीटचे पट्टे फिरवण्यावर भर दिला गेला. मोनिए यांच्या कुंडीतली तार आणि हा पट्टा यांचे काम एकच आहे.

मोनिए यांच्याकडे परत येऊ. परदेशांत त्यांच्या नावाची बांधकामे उभी राहत होती. दूर ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरात, 1899 साली याच पद्धतीने एक कमानींचा पूल बांधला गेला. जर्मनीत गवंडी सळईलाच मोनिएचे लोखंड म्हणू लागले. अशी कीर्ती फार थोड्या शोधकांच्या वाट्याला येते. पैसा मात्र दुसरीकडेच गेला. हक्क विकून झाले होते. ज्यांनी ते विकत घेतले, त्यांचे कारखाने वाढले.

पॅरिसमध्ये मोनिए यांचा स्वतःचा धंदा 1888 साली बुडाला आणि दिवाळे निघाले. घरातही दुःख होते. जो मुलगा हाताखाली तयार झाला होता, तो लग्नानंतर धंदा आणि घर दोन्ही सोडून वेगळा झाला. दुसरा मुलगा 1887 साली बांधकामावरून पडून मरण पावला. धाकटा अजून लहान होता. तरी मोनिए यांनी पुन्हा नवी कंपनी काढली. 1891 साली त्यांनी विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा ज्यातून न्यायच्या अशा नळांचे पेटंट घेतले. तेव्हा त्यांचे वय 67-68 होते.

म्हातारपण तंगीत गेले. त्यातच कर खात्याने तगादा लावला. त्यांचे पेटंट एवढ्या देशांत वापरले जाते, तर तेथून भरपूर उत्पन्न येत असणार, असा खात्याचा हिशोब होता. प्रत्यक्षात येत काहीच नव्हते. अखेर 1902 साली काँक्रीटच्या धंद्यातील मंडळींनी या वृद्ध शोधकाच्या मदतीसाठी आवाहन केले. त्याच धंद्यावर कितीतरी लोक श्रीमंत झाले होते. तेव्हा हे आवाहन जरा उशिराच झाले म्हणायचे. 13 मार्च 1906 रोजी पॅरिसमध्ये मोनिए यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतरच्या शंभर वर्षांत जग सळईच्या काँक्रीटने भरून गेले. पण क्योनेन यांच्या पहिल्या शंकेने पुन्हा डोके वर काढले. लोखंड गंजणार नाही का? चांगल्या काँक्रीटमध्ये क्षार असा असतो, की तो सळईचे रक्षण करतो. समुद्राकाठी मात्र खारे पाणी आणि खारी हवा भेगांतून आत शिरते. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तेही पुलाच्या डेकमध्ये मुरते. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून फुगतो आणि वरच्या काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. शेजारच्या गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरचा मोठा पूल जुलै 1986 मध्ये कोसळला. तो बांधून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंजाने खाल्ले होते. त्यानंतर कितीतरी दिवस लोकांना नदी ओलांडायला फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला.

म्हणून शास्त्रज्ञांनी न गंजणारा धागा शोधला. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू ओढतात. असे हजारो तंतू एकत्र करून ते राळेसारख्या चिकट रसायनात भिजवतात. ते रसायन सुकून घट्ट झाले, की तंतू आणि राळ मिळून एक कडक पदार्थ होतो. त्याच्या सळया करता येतात आणि पुलाच्या डेकसाठी पोकळ फळ्याही करता येतात. येथे राळ म्हणजे कणगीची माती आणि काचेचे तंतू म्हणजे तिच्या काड्या. काचेऐवजी कार्बनचे तंतूही वापरतात. ते महाग, पण जास्त ताठ असतात.

काचतंतूच्या सळईचे वजन तेवढ्याच लोखंडाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. ती ओढून तोडणे अवघड असते आणि मिठाने ती गंजत नाही. हलका डेक असला की खालच्या जुन्या खांबांवरचा भार कमी होतो आणि बदलायचे काम थोड्या दिवसांत उरकते. चीनमध्ये बीजिंगजवळ मियुन येथे 1982 साली काचतंतूंच्या पदार्थाचा वाहनांसाठी पूल उभारला गेला. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरफेल्डी गावी 1992 साली पायी जाणाऱ्यांसाठी असाच पूल बांधला. त्याचा मधला गाळा 63 मीटरचा आहे.

तरी लोखंड सगळीकडून हटले असे झालेले नाही, आणि त्याला कारणे आहेत. काचतंतूची सळई लोखंडाइतकी ताठ नसते. तेवढ्याच भाराखाली ती चारपाच पट जास्त लांबते. म्हणून पूल तुटणार नसला तरी जास्त झुकेल, आणि इंजिनिअरला आधी या झुकण्याचा हिशोब करावा लागतो. लोखंडाची सळई तुटण्याआधी ताणली जाते, स्लॅब झुकतो, भेगा पडतात आणि माणसांना पळायला वेळ मिळतो. तंतूंची सळई अशी सूचना फारशी देत नाही. शेवटपर्यंत सोसते आणि एकदम तुटते. आगीत तिची राळ मऊ पडते. आपले मिस्त्री सळई जागेवर वाकवून तिचे आकडे करतात, तसे हिचे करता येत नाहीत. ते कारखान्यातूनच वळवून आणावे लागतात. या सगळ्याचा विचार करून मगच ती कोठे वापरायची हे ठरवतात.

शाझलेचा पूल अजून उभा आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा तो छोटा पूल पाहायला इंजिनिअर लोक आवर्जून जातात. त्याच्या दोन्ही बाजूंना कठडे आहेत. मोनिए यांनी ते सिमेंटचेच केले, पण साधे सरळ केले नाहीत. झाडाच्या फांद्या एकमेकींत अडकवून बागेचे कुंपण करावे, तसा आकार त्यांनी त्या सिमेंटला दिला आहे.